ज्वारीची रास आणि बर्फाचा उतार



आमच्या फैजपुरात बर्फ दिसतो तो रसवंतीवर. गोणपाटात गुंडाळलेली लादी, तिच्यावर लाकडाचा भुसा, आणि ती फोडणारा टोचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या गावात बसून हिमालयातल्या हिमस्खलनाची गोष्ट कोणी का सांगावी, असे तुम्ही म्हणाल. त्याचे कारण आधी सांगतो.

आमच्या शेजारची नववीतली एक मुलगी हिवाळ्यात आईवडिलांबरोबर काश्मीरला जाऊन आली. गुलमर्गला तिने बर्फावर चालणाऱ्या गाडीतून फेरी मारली होती. तिकडे तिला कोणी स्नो स्कूटर म्हणतात, कोणी स्नो बाईक. तिचे जगभर रूढ असलेले नाव स्नोमोबाईल. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, आणि मोटारसायकलसारखी बैठक. फोटो दाखविताना मुलगी खुशीत होती, पण तिची एक तक्रारही होती.

"काका, समोर एक छान उंच उतार होता. अगदी पांढराशुभ्र, गुळगुळीत. बाबा म्हणाले, थोडे वर घेऊन चल, जास्तीचे पैसे देतो. पण गाडीवाला नाही म्हणाला. रात्री बर्फ पडलाय, तिकडे जायचे नाही, एवढेच बोलला. आणि गंमत म्हणजे, सकाळीच कोणाची तरी गाडी तिथून वर जाऊन आल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या! ती गेली, तिला काही झाले नाही. मग हाच का घाबरला?"

प्रश्न नीट वाचा. "ती गेली, तिला काही झाले नाही." या एका वाक्यापायी बर्फात पुष्कळ माणसे गेली आहेत. म्हणून मी तिला त्याच वेळी उत्तर दिले नाही. आतून ज्वारीचा डबा, एक पाट आणि कोनमापक घेऊन ये, असे सांगितले. तुम्हीही घेऊन या.

राशीचा कोन

जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि त्यावर एकाच जागी, थोड्या उंचीवरून ज्वारीची धार सोडा. रास उंच होऊ लागेल. पण ती भिंतीसारखी उभी राहणार नाही. एका ठरावीक उताराला पोहोचली की वरचे दाणे घरंगळून खाली येतील आणि रास पुन्हा त्याच उताराला येऊन थांबेल. मूठभर ज्वारीची रास असो की खळ्यातली पोत्यांनी मोजायची रास असो, उतार जवळजवळ तोच. या कोनाला स्थिरकोन म्हणतात. राशीची उंची आणि तिच्या पायाची त्रिज्या मोजा, उंचीला त्रिज्येने भागा आणि टॅन्जंटच्या कोष्टकात कोन पाहा. कोरड्या धान्याला तो बहुधा ३० अंशांच्या आसपास मिळेल.

असे का होते? उतारावरच्या प्रत्येक दाण्याचे वजन दोन कामे करते. त्याचा एक भाग दाण्याला उताराच्या दिशेने खाली ओढतो, दुसरा भाग त्याला उतारावर दाबून धरतो. या दाबामुळे घर्षण निर्माण होते. उतार जसजसा उभा होतो तसतशी ओढ वाढते आणि दाब कमी होतो. ज्या कोनाला ओढ घर्षणावर मात करते, त्या कोनाला दाणा सुटतो. दाणा जड असला तर ओढही वाढते आणि घर्षणही. म्हणून लहान राशीचा आणि मोठ्या राशीचा कोन एकच.

आता हिमालयाकडे वळू. बहुतेक धोकादायक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुरू होतात. ३० अंशांखाली ती क्वचित सुरू होतात. ५० अंशांच्या पुढे उतार इतका उभा असतो की बर्फ फारसा साठतच नाही, पडता पडता थोडाथोडा घसरून जातो. म्हणजे सर्वांत भयंकर दिसणारा कडा हा सर्वांत धोक्याचा असतोच असे नाही. धोका असतो तो मधल्या, गाडी चढवावीशी वाटणाऱ्या, घसरत खाली यावेसे वाटणाऱ्या देखण्या उतारांवर.

बर्फ म्हणजे धान्य नव्हे

ज्वारीची रास एका बाबतीत प्रामाणिक असते. तिचा कोन वाढला की ती लगेच घसरते. बर्फ तसे करत नाही. तो थरांवर थर साठवत राहतो, आठवडेच्या आठवडे गप्प बसतो आणि मग एकदम सुटतो. हे कसे होते?

हिमालयात हिवाळाभर पुन्हा पुन्हा बर्फ पडतो. प्रत्येक वेळचा थर निराळा. एक वाऱ्याने दाबून घट्ट केलेला, एक भुसभुशीत, एक उन्हाने वितळून रात्री गोठलेला. कापलेल्या बर्फाची उभी बाजू पाहिली तर ती आपल्या विहिरीच्या कडेला दिसणाऱ्या काळी माती, मुरूम आणि खडक यांच्या थरांसारखी दिसते.

यातला एखादा थर फार कच्चा असतो. तो कसा तयार होतो, ते पाहा. बर्फ हा उष्णतेचा दुर्वाहक आहे. त्यामुळे हिवाळ्यातही बर्फाखालच्या जमिनीचे तापमान शून्य अंशाच्या जवळपास राहते. वरची हवा मात्र उणे २० अंशांपर्यंत उतरते. खालच्या उबदार बर्फातून पाण्याची वाफ निघते, कणांमधल्या पोकळ्यांतून वर सरकते आणि वरच्या थंड कणांवर पुन्हा गोठते. असे दिवसेंदिवस चालले की गोल, एकमेकांना चिकटलेले कण जाऊन त्यांच्या जागी कडा असलेले, सुटे, चकचकीत स्फटिक तयार होतात. ते हातात घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून ओघळतात. दुसराही एक प्रकार आहे. निरभ्र रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दवासारखे पिसांच्या आकाराचे स्फटिक जमतात. सकाळच्या उन्हात ते फार सुंदर दिसतात. पण त्यांच्यावर नवा बर्फ पडला की ती गाडली गेलेली कच्ची भिंतच समजा.

अशा कच्च्या थरावर वाऱ्याने आणलेला बर्फ घट्ट बसून एकसंध लादी तयार होते. खाली साखर, वर लादी. सगळ्यांत जास्त बळी घेणारी हिमस्खलने या जातीची असतात.

लादीचे वजन किती असेल? हिशेब करू. लादी अर्धा मीटर जाडीची आणि दर घनमीटरला २०० किलोग्रॅम घनतेची धरा. म्हणजे एका चौरस मीटरवर १०० किलो बर्फ झाला. ५० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद तुकडा सुटला तर २,५०० चौरस मीटर गुणिले १०० किलो, म्हणजे २,५०,००० किलो. अडीचशे टन! सावदा-रावेरकडून केळी भरून निघणारा एक ट्रक दहा टनांचा धरला, तर पंचवीस भरलेले ट्रक एकदम उतारावरून सुटले, असे समजा. काही सेकंदांत त्यांचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जातो. आणि हा हिशेब लहानशा स्खलनाचा झाला.

करून पाहा : पाटावरचे हिमस्खलन

एक लाकडी पाट घ्या. त्यावर ज्वारीच्या पिठाचा बोटभर थर पसरून तळहाताने दाबा. हा जुना बर्फ. त्यावर साखरेचा पातळ थर पसरा. हा कच्चा थर. त्यावर पुन्हा बोटभर पीठ घालून ते हलक्या हाताने दाबा. ही लादी झाली.

आता कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधा आणि दोऱ्याच्या टोकाला एक नट लटकवा. कोनमापकाची सरळ कड पाटाच्या कडेला टेकवून धरा. पाट सपाट असताना दोरा ९० अंशांवर असेल. पाट एका बाजूने हळूहळू उचला. दोरा ९० पासून जितका सरकेल, तितके अंश पाट कलला. वरचे पीठ कोणत्या कोनाला, कसे तडकते आणि घसरते, ते टिपून ठेवा. मग साखर न घालता तोच प्रयोग करा आणि दोन्ही कोनांची तुलना करा.

तिसऱ्या वेळी साखर घालून पाट थोड्या कमी कोनावर थांबवा. लादी घसरलेली नसेल. आता लादीवर बोटाने हलकेच टिचकी मारा. काही वेळा काही होणार नाही. काही वेळा एका टिचकीसरशी लादीला आडवी चीर जाईल आणि सगळे पीठ खाली येईल.

आमच्या शेजारणीने चार टिचक्या मारल्या. काही झाले नाही. पाचवी टिचकी काठाजवळ, जिथे पिठाचा थर पातळ होता, तिथे बसली आणि सगळी लादी तिच्या मांडीवर आली. मी तिला विचारले, "पहिल्या चार टिचक्यांनी पाट सुरक्षित आहे हे सिद्ध झाले होते का?" ती नुसतीच पिठाकडे बघत राहिली.

गाडी आणि उतार

आता त्या गाडीकडे येऊ. स्नोमोबाईलची हकीकत मोठी चटका लावणारी आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्डिये नावाचा एक मेकॅनिक राहत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते. मुलाला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो गेला. बर्फावर चालणारे वाहन बनवायचा बोंबार्डियेचा खटाटोप त्याच्या आधीपासून चालू होता. त्यानंतर त्याने तो नेटाने पुरा केला आणि १९३७ साली आपल्या वाहनाच्या रचनेचे पेटंट मिळविले. एकदोघांनी बसायची हलकी गाडी त्याने १९५९ मध्ये बाजारात आणली. दुर्गम वस्त्यांवरच्या माणसांना ती वरदान ठरली.

पुढे इंजिने शक्तिमान झाली, पट्टे लांब झाले आणि गाडी डोंगरावर चढू लागली. अमेरिका आणि कॅनडात तिचा एक खेळच निघाला. उतारावर जितके उंच जाता येईल तितके जायचे, वळायचे आणि खाली यायचे. कोणाची खूण सर्वांत वर, ते पाहायचे. या खेळात भौतिकशास्त्राच्या दृष्टीने काय घडते?

पहिली गोष्ट वजनाची. चालकासह गाडी तीनशे किलोच्या घरात जाते. पट्टा रुंद असल्यामुळे हे वजन पसरते आणि गाडी माणसाच्या पायाइतकी खोल रुतत नाही. त्यामुळे बर्फ घट्ट आहे असा भास होतो. पण अरुंद वस्तूचा दाब थोड्या खोलीवर विरून जातो, तर रुंद वस्तूचा दाब खोलवर पोहोचतो. गाडी वर तरंगते आणि तिचा भार मात्र खालच्या साखरेपर्यंत जातो.

दुसरी गोष्ट जागेची. सर्वांत उंच खूण काढायची तर गाडी उताराच्या सर्वांत उभ्या भागात जाऊन वळते. लादी तुटायची असेल तर ती तिथेच तुटते आणि चालक तिच्या खाली सापडतो.

तिसरी गोष्ट आवाजाची. इंजिनाच्या किंवा माणसाच्या आवाजाने हिमस्खलन होते, असा समज सिनेमांनी रुजवला आहे. तो खरा नाही. आवाजाच्या लहरींचा दाब त्यासाठी फारच कमी पडतो. आवाजाचा धोका निराळाच आहे. कच्चा थर पायाखाली बसतो तेव्हा "धप्प" असा दबका आवाज येतो. ती बर्फाने दिलेली सूचना असते. इंजिनाच्या गोंगाटात आणि हेल्मेटच्या आत ती ऐकूच येत नाही.

चौथी गोष्ट संभाव्यतेची. पायी जाणारा दिवसात एखाददुसरा उतार चढतो. गाडीवाला चाळीस उतार सहज ओलांडतो. गणितापुरते समजा की उतार सुटण्याची शक्यता दर खेपेस हजारात एक आहे. चाळीस उतार रोज, असे पंचवीस दिवस झाले म्हणजे हजार खेपा. प्रत्येक खेपेला बचावण्याची शक्यता ०.९९९. ही संख्या स्वतःशी हजार वेळा गुणली तर उत्तर येते सुमारे ०.३७. म्हणजे हजार खेपांत एकदा तरी उतार सुटण्याची शक्यता शेकडा ६३! आणि प्रत्येक वेळी घरी परतताना तो म्हणत असणार, "आजही काही झाले नाही. मला बर्फ कळतो."

आता मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. सकाळच्या गाडीची खूण एवढेच सांगते की त्या वेळी, त्या रेषेवर लादी तुटली नाही. दोन हात बाजूला लादी पातळ असेल, तर पुढच्या गाडीचा भार तिथे नेमका कच्च्या थरावर पडेल. दुपारच्या उन्हाने किंवा वाऱ्याने आणलेल्या नव्या बर्फाने गणित बदललेले असेल, ते निराळेच.

दोन हकिकती

२८ डिसेंबर २००८. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील स्पारवुड या लहानशा गावचे अकरा जण स्नोमोबाईल घेऊन डोंगरात गेले होते. पहिल्या हिमस्खलनात काही जण गाडले गेले. जवळच असलेले सोबती धावून आले आणि खणू लागले. ते खणत असतानाच वरून दुसरे स्खलन आले आणि त्यांनाही घेऊन गेले. अकरांपैकी आठ मरण पावले. ही माणसे नवखी नव्हती.

१३ मार्च २०१०. त्याच प्रांतात रेव्हेलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईलवाल्यांचा मेळावा भरला होता. सुमारे दोनशे माणसे जमली होती. बर्फ धोकादायक असल्याचा इशारा आधीच दिलेला होता. वरच्या उतारावर गाड्या चढत होत्या आणि खाली बरेचसे लोक पाहत उभे होते. उतार सुटला. दोघे मरण पावले आणि सुमारे तीस जण जखमी झाले.

पहिली हकीकत सांगते की मदतीला धावण्यापूर्वीही मान वर करून पाहावे लागते. दुसरी सांगते की धोका उतारावर असलेल्यालाच असतो असे नाही. उताराच्या पायथ्याशी, सपाट जागेवर उभा असलेलाही त्याच्या वाटेत असतो.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे समजू नका. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९,६०० फूट उंचीवरच्या ठाण्यावर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्याचा एक जवान होता. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या सीमेवर पाठोपाठ झालेल्या हिमस्खलनांत जे जवान गेले, त्यांत अकोला जिल्ह्यातलेही होते. अकोला म्हणजे उन्हाळ्यात आपल्याइतकेच तापणारे गाव. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर गिर्यारोहणाचे शिक्षण घेणाऱ्या तुकडीवर स्खलन आले आणि सत्तावीस जण मरण पावले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्याच अफरवट उतारांवर बर्फावर घसरण्याचा खेळ खेळायला आलेले दोन परदेशी पाहुणे दगावले. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नथू ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सात पर्यटक गेले. शिखर चढायला निघालेले गिर्यारोहक नव्हते ते. तुमच्याआमच्यासारखे सहलीला आलेले लोक होते.

पहिली दहा मिनिटे

स्खलन थांबले की आतला बर्फ काही क्षणांत सिमेंटसारखा घट्ट होतो. घुसळणीत कण फुटून बारीक होतात, किंचित तापतात, आणि थांबताच एकमेकांना चिकटून गोठतात. गाडलेल्याला बोटही हलविता येत नाही. बर्फात हवा असते, पण श्वासातली वाफ तोंडासमोर गोठून पापुद्रा धरते आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचत जातो.

स्वित्झर्लंडमधील अनेक वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांतले सुमारे नऊ वाचतात. अर्ध्या तासाला हे प्रमाण दहांत तिनांवर येते. बचाव पथक हेलिकॉप्टरने निघाले तरी दहा मिनिटांत पोहोचणे कठीण. म्हणजे वाचविणारा एकच असतो, तुमच्याबरोबर आलेला सोबती. सियाचीनच्या त्या ठाण्यावरचा एक जवान सहा दिवसांनी जिवंत सापडला होता, पण तोही पुढे रुग्णालयात वारला. असे अपवाद मोजून बेत आखता येत नाही.

म्हणून बर्फात जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन वस्तू असाव्या लागतात. शोधयंत्र, घडीची लांब शोधकाठी आणि फावडे. शोधयंत्र सतत ४५७ किलोहर्ट्झ वारंवारतेचा संकेत पाठवीत असते. जुन्या रेडिओवरचा मीडियम वेव्हचा पट्टा जिथे सुरू होतो, त्याच्या थोडी अलीकडची ही वारंवारता. जगभर एकच ठेवली आहे, म्हणजे कोणाचेही यंत्र कोणालाही शोधू शकेल. तिची तरंगलांबी सुमारे ६५६ मीटर. शोधायचे अंतर असते चाळीसपन्नास मीटर. इतक्या जवळ चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर निम्मे झाले की क्षेत्र आठपट होते. म्हणून जवळ जाताच संकेत झपाट्याने वाढतो आणि नेमकी जागा सापडते. मग काठी खुपसून खोली पाहायची आणि खणायचे. एक मीटर खोल असलेल्या माणसासाठी दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद खड्डा घ्यायचा, तर तीन घनमीटर बर्फ उपसावा लागेल. घनता ४०० धरली तर वजन झाले १,२०० किलो. हाताने हे काम दहा मिनिटांत होईल का, ते तुम्हीच सांगा.

आणखी एक साधन आहे. पाठपिशवीतली दोरी ओढताच फुगणारी हवेची मोठी पिशवी. तिच्यामागचे तत्त्व स्वयंपाकघरात पाहता येते. डब्यात तळाशी एक लिंबू ठेवा, वर ज्वारी भरा आणि डबा वरखाली हलवत राहा. लिंबू वर येईल. हलत्या कणांत मोठी वस्तू वर सरकते. पिशवीने माणसाचा आकार मोठा होतो, म्हणून तो वरच्या बाजूला राहण्याची शक्यता वाढते. पण ध्यानात ठेवा, यातले कोणतेही साधन उतार धरून ठेवत नाही. झाडावर किंवा खडकावर आपटून मरणाऱ्याला ते वाचवू शकत नाही.

उतार वाचणे

तेव्हा खरे शहाणपण जाण्यापूर्वी वापरायचे असते. चंदीगड येथील संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. तिचे मूळ १९६९ साली मनालीला सुरू झालेल्या हिमसंशोधन केंद्रात आहे. हिमस्खलनाच्या धोक्याची श्रेणी पाच पायऱ्यांची असते. येथे एक सावधगिरी बाळगा. पाचांपैकी तीन म्हणजे मध्यम, चालण्याजोगा, असे वाटते. प्रत्यक्षात परदेशातल्या नोंदी सांगतात की पुष्कळसे मृत्यू तिसऱ्या पायरीच्या दिवशीच होतात. पाचाला सगळे घरी बसतात, तीनला बाहेर पडतात.

जागेवर गेल्यावर पाहायच्या खुणा फार नाहीत. जवळपास नुकतेच स्खलन झाले आहे का? गेल्या एकदोन दिवसांत पुष्कळ बर्फ पडला आहे का? वाऱ्याने बर्फ एका बाजूला नेऊन साठवला आहे का? ऊन एकाएकी तापले आहे का? पायापुढे बर्फाला चिरा धावतात का? यातले एकही "होय" आले की ३० अंशांवरचा उतार सोडून द्यावा, आणि त्याच्या पायथ्याशीही थांबू नये. जायचेच झाले तर एका वेळी एकाने. इतरांनी वाटेबाहेर, गाड्यांची तोंडे निघायच्या दिशेला करून थांबावे. वर एखाद्याची गाडी अडकली तर दुसऱ्याने आपली गाडी घेऊन वर जाऊ नये. एक भार लादीने पेलला असेल, दोन पेलेल याची खात्री कोण देणार?

बर्फाचे हे नियम फैजपुरातही उपयोगी आहेत. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहते आणि काठावर कोणीतरी म्हणते, "आत्ताच एक ट्रॅक्टर गेला की!" ट्रॅक्टर गेला म्हणजे ट्रॅक्टर गेला. फरशीखालची माती किती वाहून गेली, हे ट्रॅक्टरने सांगितलेले नसते. काही झाले नाही याचा अर्थ धोका नव्हता असा होत नाही. तो होता, आणि आपण सुटलो, असेही असू शकते. विज्ञान शिकायचे ते हा फरक ओळखता यावा म्हणून.

सगळे आवरून झाल्यावर मुलीने पुन्हा तो फोटो काढला. गाडीच्या मागे, उजव्या बाजूला, त्या उताराची कड आकाशावर तिरकी दिसत होती. जवळच देवदारांची सरळ उभी झाडे होती. झाडे म्हणजे ओळंबा, हे तिचे तिनेच ओळखले. तिने कोनमापक फोटोवर ठेवला, एका खोडाशी जुळवला आणि उताराचा कोन वाचला.

"छत्तीस अंश," ती म्हणाली. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "काका, त्या गाडीवाल्याला बाबांनी काहीच दिले नाही हो. उलट चिडले त्याच्यावर."

तुम्हीही एक कोनमापक, दोरा आणि नट घेऊन बाहेर पडा. ज्वारीची, वाळूची, खडीची रास मोजा. पालच्या वाटेवर सातपुड्याचा एखादा उतार मोजा. मोजण्याआधी अंदाज लिहून ठेवायला विसरू नका. डोळ्याला वाटलेला कोन आणि दोऱ्याने दाखविलेला कोन यांत किती अंतर पडते, ते आम्हांला जरूर कळवा.